ठरलेला उशीर

हे बघ, मधे काही विचारू नकोस, नुसतं ऐक. विचारायचं ते शेवटी मीच तुला विचारणार आहे. तर टिचकी. टिचकी म्हणजे ती रेकॉर्डिंग करणारी. आवाजात कुठे केसाएवढी टिक असली तरी हिच्या कानाला टोचते, म्हणून स्टुडिओत सगळे तिला टिचकी म्हणायला लागले आणि आता तर तिची आईसुद्धा म्हणते. त्या सकाळी टिचकी काचेच्या अलीकडे बसलेली, काचेच्या पलीकडे तिचा मामा, समोर माईक, कानावर हेडफोन, हातात पानं. पुस्तकं वाचायची आणि ती रेकॉर्ड व्हायची, हेच मामाचं काम. नकाशे काढणाऱ्या एका बाईची जाडजूड कादंबरी चालू होती. मामाने नवीन प्रकरण उघडलं, "किनाऱ्याची रेघ काढताना तिचा हात कधी थांबत नसे," असं पहिलंच वाक्य, आणि टिचकीला ते आधी दिसलं, मग ऐकू आलं. पडद्यावर आवाजाची रेघ सरकत असते ना, डोंगररांगेसारखी, तिथे 'कि'चा एक उंचवटा यायला हवा होता, तर आले तीन. बारके, अगदी सारखे, एकमेकांना चिकटून. मग शब्द सुटला आणि वाक्य आपल्या वाटेने पुढे गेलं. झालं ते एवढंच, चहावरची साय हलावी एवढं. पण टिचकीला काळजी लागली, आणि ती लागली मशीनची, मामाची नाही. हे लक्षात ठेव. तिने बटण दाबून सांगितलं, "मामा, थांब. मशीन अडकतंय. पुन्हा घेऊ." मामाने काचेतून तिच्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा थोडं जास्तच पाहिलं, आणि मान हलवली. बरं, म्हणाला. बघ तुझं मशीन.

आता तुला वाटेल, समोर माणूस अडखळतोय आणि हिला मशीन कसं दिसलं. तर त्याला कारण होतं. मशीन तिने नुकतंच बदललं होतं, स्वतःच्या हाताने, हट्टाने. जुन्याची तऱ्हा अशी होती की आवाज आत जायचा तो नळाच्या धारेसारखा नाही, वाट्या भरभरून. एक वाटी भरली की पुढे सरकवायची, तोवर दुसरी लावायची. सगळेच संगणक असंच करतात. वाटी मोठी ठेवली तर काम निवांत चालतं, पण बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो, कारण वाटी भरेपर्यंत थांबावं लागतं. वाटी छोटी केली तर उशीर जातो, पण मशीनची धावपळ होते, आणि त्या धावपळीत त्याला मधेच दुसरं काही आठवलं, कुठलीशी फाईल, कुठला निरोप, की एखादी वाटी वेळेवर पोचत नाही आणि आवाजात पडते टिक. कधी कधी तर तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो, क-क-क असा. टिचकीने म्हणून वाटी मोठी ठेवलेली, वर्षानुवर्षं. आणि बाकीचे वाचणारे वैतागलेले. हेडफोनची एक बाजू कानामागे सरकवायची, उघड्या कानाने खरा आवाज ऐकायचा, हा सगळ्यांचा उपाय. जाहिराती वाचणारी एक पोरगी तर म्हणायची, ताई, माझ्याच मागे कुणीतरी माझी नक्कल करत चालल्यासारखं वाटतं. एकटा मामा दोन्ही कान गच्च झाकून बसायचा, वर आवाज वाढवून मागायचा. टिचकीला ते शिस्तीचं वाटायचं. जुना माणूस, दिलेली वस्तू दिली तशी वापरतो.

मग तिच्या डोक्यात भरलं की आपण नवं मशीन आणून त्यात कडक वेळ पाळणारी सिस्टिम घालायची. म्हणजे अशी, की आवाजाचं काम आलं की बाकी सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, पडदा असो, माऊस असो, कुणी असो, आणि ठरलेल्या क्षणी वाटी पोचलीच पाहिजे, पोचेल बहुतेक असं नाही, पोचलीच पाहिजे. यावरून तिचं आणि दादाचं जेवताना वाजलं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, लिफ्टच्या ब्रेकचे प्रोग्रॅम लिहितो. तो म्हणाला, "तुला कशाला हवंय एवढं कडक? माझा ब्रेक पापणी लवायच्या आत नाही लागला तर माणूस वर जातो. लिफ्टशिवाय. तुझी वाटी उशिरा पोचली तर काय होतं?"

"टिक येते."

"मग?"

"मग पुन्हा घ्यावं लागतं."

"घे की मग. कुणी मेलं का? आणि नुसतं साठवून ठेवायचं असेल तर मोठी वाटी ठेव, उशीर झाला तरी आवाजाचं काही बिघडत नाही. बोलणाऱ्याने स्वतःलाच मशीनमधून ऐकायचं असेल, तेवढ्यापुरता उशिराचा प्रश्न. त्यालासुद्धा साधी सिस्टिम नीट लावली तर पुरते. तू मुंगीवर तोफ डागतेयस."

"तुला टिक ऐकू येत नाही म्हणून."

"तुला न झालेली पण ऐकू येते," दादा म्हणाला. आई म्हणाली, ताटात मशीन नको, भात गार होतोय. पण टिचकीच्या डोक्यातून ते जाईना. तिला जे हवं होतं ते टिक न येणं एवढंच नव्हतं गं, तिला हमी हवी होती. बहुतेक ठीक होईल, या वाक्यावर ती लहानपणापासून जगत आली होती. बाबांचा ताप उतरेल बहुतेक, घर बदलावं लागणार नाही बहुतेक. एक तरी गोष्ट अशी असावी की जी ठरल्या वेळी होतेच. तिने सुटीच्या दिवशी बसून सगळं बदललं, आणि दुसऱ्या दिवशी ती जाहिरातवाली पोरगी दोन्ही कान झाकून वाचून बाहेर आली नि म्हणाली, ताई, आता कसं मोकळं वाटतंय, नक्कल करणारा गेला. टिचकी दिवसभर हवेत. आणि तिसऱ्या दिवशी मामाचे ते तीन उंचवटे.

मामा अडखळायचा, हे काही गुपित नव्हतं. घरात तो अडखळायचाच, जन्मापासून. आई सांगते, लहानपणी त्याला साखर आणायला पाठवलं तर तो चहापत्ती घेऊन यायचा, कारण त्याला 'सा' फुटायचा नाही आणि 'च' फुटायचा. घरात साखर नाही आणि चहापत्तीचे डबेच्या डबे. फोन वाजला की मामा न्हाणीघरात. आणि तो बोलायला लागला की समोरचा माणूस त्याचं वाक्य पूर्ण करायचा, मायेनेच, आई तर सगळ्यात आधी. तो म्हणणार, मला जरा प... आणि आई पाणी घेऊन हजर. कधी त्याला पंखा हवा असायचा, पण तो पाणी पिऊन टाकायचा. टिचकीने हे इतक्या वेळा पाहिलं होतं की तिला वाटायचं मामाला तहानच फार लागते. मोठा झाल्यावर तो छापखान्यात लागला, मुद्रितं तपासायला. तिथे दोघांनी मिळून वाचायचं असतं, एकाच्या हातात मूळ कागद, दुसऱ्याच्या हातात छापलेला, आणि दोघांनी एका आवाजात, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळे उच्चारत. टिचकी शाळेतून डबा द्यायला जायची तेव्हा जिन्यावरच ऐकू यायचं ते, शाईचा वास आणि दोन माणसांचं एकच वाचन, एकाच्या मागे एक पाऊल. तिथे मामा कसा बोलतो हे तिने कधी नीट ऐकलंच नव्हतं. डबा ठेवून पळायची.

छापखाना बंद पडला, आणि टिचकीने त्याला स्टुडिओत आणलं ते उच्चार तपासायला, वाचायला नाही. एक दिवस माईकची पातळी बघायची होती आणि समोर बोलायला कुणी नव्हतं, म्हणून त्याला आत बसवलं, हेडफोन घातले, म्हणाली, काहीही वाच रे मामा, वर्तमानपत्र वाच. आणि मामाने वाचलं. पान उलटलं, पुढचं वाचलं. कुठेही न अडता. तो वाचत राहिला आणि काचेअलीकडे टिचकीने हात तोंडावर धरला. बाहेर आला तो सरळ जिन्यात जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून तो वाचणारा झाला. आई फोनवर सगळ्या बहिणींना सांगायची, माईकसमोर आपला भाऊ वेगळाच असतो. मामाचं स्वतःचं एक उत्तर होतं त्यावर, आणि ते तो एकदाच बोलला होता, तेही अडखळतच. म्हणाला, "माईक म...मधे बोलत नाही. मला शब्द पुरवत नाही. तो वाट ब...बघतो. असं माणूस मला भेटलं नव्हतं." टिचकीला ते इतकं पटलं होतं की तिने त्यावर पुढे विचारच केला नाही. काचेपलीकडे मामा अडत नाही, हा नियमच झाला. म्हणून त्या सकाळी तिला मामा दिसला नाही. मशीन दिसलं.

आणि पुढचे काही दिवस ती मशीन उसवत बसली. तारा बदलल्या, नोंदी तपासल्या, आणि नोंदीत काहीच चूक सापडेना. प्रत्येक वाटी वेळेवर, एकही चुकलेली नाही. पण मामाच्या वाचनात ते उंचवटे वाढत चाललेले. 'कि' झाला, मग 'प', मग 'स'. ती म्हणायची, सॉरी मामा, पुन्हा मशीन. तो म्हणायचा, असू दे. तिने दिलेली ती सबब त्याने पांघरुणासारखी अंगावर ओढून घेतली होती, आणि पांघरूण आपण घातलंय हे तिला माहीतच नव्हतं. मॅडमनी, म्हणजे स्टुडिओच्या मालकीणबाईंनी, एक प्रकरण ऐकलं. त्या वाईट नाहीत. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "मशीन नाहीये ते, टिचकी. मला वाटतं मामा थकलेत. उरलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ या का? त्यांना दुखावायचं नाहीये मला. तूच सांगशील का त्यांना?" टिचकी म्हणाली, मला थोडे दिवस द्या. आणि पुढच्या वाचनाला तिने पहिल्यांदा पडद्याकडे न बघता काचेतून पाहिलं. मामाचा जबडा. डोळे मिटलेले, मानेची शीर ताठ, आणि पानावरचं बोट त्या एका अक्षरावर दाबून धरलेलं, ते पळून जाईल अशा भीतीने. चहापत्ती आणणारा मुलगा. तिने मान खाली घातली. आपण रोज या माणसाला पुन्हा घे, पुन्हा घे म्हणत होतो.

त्या दुपारी स्टुडिओ रिकामा होता. तिने जुनं मशीन कपाटातून काढलं, जोडलं, आणि मामाच्या खुर्चीत जाऊन बसली. का, ते तिलाही सांगता येणार नाही. दोन्हींत फरक काय, एवढंच बघायचं होतं. खुर्ची मामाच्या उंचीची, हेडफोनच्या गादीला त्याच्या खोकल्याच्या गोळीचा वास. तिने दोन्ही कान झाकले, आवाज त्याच्याएवढा वाढवला आणि वाचलं, किनाऱ्याची रेघ काढताना. आणि तिची जीभ जड झाली. तिचाच आवाज तिच्या एक पाऊल मागून येत होता, आणि त्याला वाट देण्यासाठी ती थांबत होती, मग तोही थांबत होता, शब्द ओले कपडे ओढावेत तसे ओढावे लागत होते. ती, जिला बोलताना कधी श्वास घ्यायला फुरसत नसते. दोन ओळींत तिला घाम फुटला. तिने हेडफोन काढले, आणि त्या मऊ भिंतींच्या शांततेत तिला अचानक छापखान्याचा जिना आठवला. एकाच्या मागे एक पाऊल. दोन माणसांचं एकच वाचन. जी गोष्ट बाकी सगळ्यांच्या पायात येत होती, तिचाच हात धरून मामा इतकी वर्षं न अडखळता चालला होता. माईक वाट बघत नव्हता. उशीर करत होतं ते मशीन. आणि तो उशीर तिने, हमीच्या हट्टापायी, पुसून टाकला होता.

संध्याकाळी तिने दादाला फोन केला. म्हणाली, "मला उशीर हवाय. एकाच माणसाच्या हेडफोनमध्ये. पण रोज तेवढाच, तसूभर कमी नाही, जास्त नाही." कारण जुनं मशीन कधी लंगडायचं, उशीर कमीजास्त करायचं, आणि तिला आता आठवत होतं की ज्या दिवशी ते लंगडायचं त्या दिवशी मामा म्हणायचा, आज घसा बरा नाही.

दादा हसला. "म्हणजे तुला उशिरा येणारा, पण वक्तशीर माणूस हवाय."

"हो. देता येईल का?"

"तुझ्या त्या तोफेत देता येईल. साध्यातही येईल म्हणा, पण हमी पाहिजे असेल तर तोफच बरी." मग तो म्हणाला, "मामासाठी का?" तिने विचारलं, कुठून सुरू करू, आणि तो तेच सांगायला लागला. दादा अशा बाबतीत बरा आहे.

तिने तो उशीर घातला. जुन्या मशीनचा उशीर मोजून त्याच्याशी जुळवला, पडद्यावर तो कमीजास्त करायची एक छोटी सरकपट्टी, मामाच्या हेडफोनपुरती. आणि दुसऱ्या दिवशी मामा वाचायला बसला, 'किनाऱ्याची' म्हणाला, आणि पडद्यावर एकच उंचवटा आला, गोल, जुन्या ओळखीचा. प्रकरणच्या प्रकरण गेलं. टिचकीला वाटलं आता सांगावं, आत्ता, ताजं असताना. तोवर मामा दार ढकलून बाहेर आला, चेहरा उजळलेला. तो म्हणाला, "स...सापडलं मला. रोज पहाटे आरशासमोर बसतोय. जीभ स...सैल सोडायची, अक्षराला ध...धरायचं नाही. तू मशीनवर ढकलत होतीस, मला क...कळत होतं गं. पण मी माझं दुरुस्त केलं." आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. टिचकी म्हणाली, भारीच की मामा. दुसरं काय म्हणणार?

पुस्तक संपत आलं. आणि इथे खरी गोम आहे. मॅडम खूश, त्यांनी ठरवलं की शेवटचं प्रकरण सभागृहात वाचायचं, माणसांसमोर, मामाने. टिचकीला वाटलं तो नाहीच म्हणेल. तो हो म्हणाला. लगेच. "कागद आहे, माईक आहे. मला क...काय होतंय?" टिचकी म्हणाली, "हेडफोन घालशील ना? मी तिथे असेन, आवाज मी देईन." मामा हसला. म्हणाला, तिथे कसले हेडफोन, लोक म्हणतील विमान चालवतोय. आणि मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "कान म...मोकळे ठेवणार मी. माणसं ऐकताना ज...जी शांतता असते ना, ती मला कधी मिळाली नाही. सगळ्यांना माझं वाक्य माझ्याआधी स...संपवायची घाई. एकदा ती शांतता ऐकायचीय." आईने सगळ्या बहिणींना कळवलं. पहिल्या रांगेत बसणार होत्या सगळ्या. ज्यांनी त्याची वाक्यं पूर्ण केली त्या सगळ्या.

टिचकीला झोप लागेना असं नाही हं, झोप लागायची, पण जाग आली की आधी तेच. सांगितलं, तर त्याने आरशासमोर कमावलेलं ते त्याचं राहणार नाही, मशीनचं होईल. पाणी मागितलं नसताना पाण्याचा पेला पुढे करण्यासारखंच. नाही सांगितलं, तर मोकळ्या कानाने, सगळ्या बहिणींसमोर, त्याला 'कि'वर सोडून द्यायचं. आणि तिसरी एक शंका, तीच सगळ्यात वाईट. आरशाने खरंच काही झालं असेल तर? पट्टी शून्यावर आणून गुपचूप बघता येईल की. एका वाचनात तिने बोट ठेवलंही पट्टीवर. मामा आत वाचत होता, डोळे अर्धे मिटून, एक हात हवेत कादंबरीतल्या त्या बाईसारखा किनारा काढत. तिने बोट काढून घेतलं. माणसावर प्रयोग करायचा नसतो असं तिला वाटलं, आणि मग वाटलं, की आत्तापर्यंत आपण दुसरं काय केलं?

शेवटी सभागृहाच्या आदल्या दिवशी दोघं स्टुडिओच्या जिन्यात बसलेली, किटलीतला चहा मधे, खालच्या मजल्यावर कुणीतरी लादी पुसत होतं, ओल्या फडक्याचा आवाज येत होता. मामा म्हणाला, "तुझं क...काहीतरी आहे. कधीपासून बघतोय. बोल." टिचकीने कप खाली ठेवला. तिने सगळं तयार करून आणलं होतं, वाक्यं जुळवून, कुठे थांबायचं तेसुद्धा. मामा, तुझ्या हेडफोनमध्ये उशीर आहे, तो मी ठेवलाय, असं साधं वाक्य. "मामा, तुझ्या हेडफोनमध्ये उ..." आणि ती अडकली. 'उ'वर. तोंड उघडं, श्वास आत, आणि अक्षर पुढे जाईना. आयुष्यात पहिल्यांदा. ती बघत होती मामाकडे, आणि तिला खात्री होती की तो आता विचारेल, उलट? उणं? काय? कुणीही विचारलं असतं. मामाने कप बाजूला केला. पुढे वाकला नाही, मान हलवली नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. शब्द पुरवला नाही. हात गुडघ्यावर ठेवून तो नुसता बसला, सगळा वेळ आपलाच असल्यासारखा, आणि जिन्यात अशी शांतता झाली की खालचं फडकंसुद्धा थांबलं. तो वाट बघत होता. माईक बघतो तशी.

तर आता सांग. त्या जिन्यात, त्याच्यासमोर, तो 'उ' तोंडात धरून तू बसली असतीस, तर काय केलं असतंस?